दुरुस्तीतून टिकलेले घर

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, काँगलटन गावापासून जवळच, लिटल मोरटन हॉल नावाची एक जुनी हवेली आहे. चहूबाजूंनी सुमारे दहा मीटर रुंदीचा खंदक, त्यावरचा पूल, समोर तीन मजली देवडी आणि देवडीतून आत शिरले की गोट्यांची फरसबंदी केलेला चौक. घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा, आणि त्या सांगाड्याच्या चौकटीचौकटीतून पांढरा गिलावा. या सांगाड्यात सरळ रेषा शोधून सापडत नाही. तुळया मध्येच खाली बसल्या आहेत, वरच्या मजल्यावरची खिडक्यांची लांबलचक रांग वरखाली होत गेली आहे, खांब एका अंगाला कलले आहेत. प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात हे घर उभे कसे राहिले, हाच प्रश्न आधी येतो. त्याचा सर्वांत जुना भाग १५०४ ते १५०८च्या सुमाराचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही सव्वाशे वर्षे आधीचा आहे.

या प्रश्नाचे सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे ओकची मजबुती. ओक चिवट असतो आणि त्याच्या गाभ्याच्या लाकडाला सहसा कीड लागत नाही, हे खरेच आहे. पण उत्तम सामान वापरून बांधलेल्या कितीतरी इमारती शे-दीडशे वर्षांत जमीनदोस्त होतात. माझ्या मते लिटल मोरटन हॉल टिकण्याचे खरे कारण त्याच्या बांधणीत आहे. सांगाड्याचा एखादा भाग खराब झाला तर तेवढाच काढून तिथे नवा बसवता यावा, अशा रीतीने ते बांधलेले आहे. लाकूड आकसणार, पिळवटणार, वाकणार, हे ज्या सुतारांनी ते उभे केले त्यांनी आधीच गृहीत धरले होते. थोडक्यात, दुरुस्ती ही या घरावर पुढे ओढवलेली आपत्ती नव्हती. ती त्याच्या मूळ रचनेतच होती. हे एकदा ध्यानात घेतले की जुन्या वास्तू जपणे म्हणजे काय, याबद्दलच्या आपल्या बऱ्याच कल्पना पुन्हा तपासून पाहाव्या लागतात.

आधी हे घर झाले कसे, ते पाहू. मोरटन हे त्या भागातले जमीनदार घराणे. १३४८च्या प्लेगनंतर ओस पडलेल्या जमिनी आणि पुढे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर विक्रीला आलेल्या जमिनी घेत घेत ते मोठे झाले. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्याकडे सुमारे ५५० हेक्टर जमीन आणि तीन पाणचक्क्या होत्या. पैसा हाती येत गेला तसे घर वाढत गेले. आधी मधला मोठा दिवाणखाना, मग त्याच्या बाजूच्या खोल्या, मग चौकाच्या पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची बाजू, असे करत १६१०च्या सुमारापर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, बांधकाम चालू होते. सगळ्या घराचा एकच नकाशा कुणी कधी काढलाच नाही. चौकाच्या तीन बाजूंना इमारत आहे आणि त्या तीन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेचे आणि हौसेचे काहीतरी आधीच्या घराला जोडले, आणि लाकडी सांगाड्यामुळेच ते इतके सहज जोडता आले.

चौकात उभे राहिले की याचा एक ठळक पुरावा समोर दिसतो. १५५९ साली विल्यम मोरटन याने दिवाणखान्याला मध्ये एक मजला घातला आणि चौकाच्या बाजूने दोन भव्य खिडक्या काढून घेतल्या. या खिडक्या भिंतीच्या पुढे झेपावलेल्या, दोन मजली आणि बहुकोनी आहेत. दोघी एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की त्यांची छपरे एकमेकांना टेकतात. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचेच्या लहान लहान तुकड्यांची त्यांची तावदाने आहेत. सबंध घरात असे तीस हजारांहून अधिक तुकडे आहेत. काच त्या काळी महाग होती, तेव्हा एवढी काच लावणे म्हणजे ऐपत चारचौघांत दाखवणे होते. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो खिडक्यांवरच्या लाकडात कोरलेला मजकूर. त्यात देवाचे स्मरण आहे, मालकाचे नाव आहे, साल आहे. आणि त्याखेरीज, देवाच्या कृपेने या खिडक्या आपण केल्या, असे सांगणारे सुताराचेही नाव आहे: रिचर्ड डेल. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात एका जमीनदाराच्या दर्शनी भिंतीवर सुताराचे नाव यावे, ही लहान गोष्ट नाही. हे घर मोरटनांच्या पैशाने उभे राहिले, पण ते कुणाच्या डोक्यातून उतरले हे त्या नावावरून कळते. त्या काळी अशा घरांना आजच्या अर्थाने वास्तुविशारद नसे. सुतार हाच रचनाकार, तोच अभियंता, आणि झाड निवडण्यापासून आढे चढवण्यापर्यंत सगळी जोखीम त्याचीच.

ही जोखीम समजण्यासाठी ओकचा स्वभाव समजला पाहिजे. ओक वाळला की इतका कठीण होतो की हातच्या अवजारांना दाद देत नाही. शिवाय जाड तुळई आतपर्यंत वाळायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून इंग्लंडमधले सुतार झाड तोडल्यावर थोड्याच काळात, ते ओले असतानाच कामाला घेत. जुन्या तुळयांमधली वर्षवलये मोजून झाड कधी तोडले हे आता ठरवता येते. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर हंगामसुद्धा सांगता येतो. या अभ्यासानेही हेच दाखवले आहे की झाड पडले आणि घर उभे राहिले यांत सहसा वर्ष-दोन वर्षांपेक्षा अधिक अंतर नसे. म्हणजे घर उभे राहिल्यानंतर त्याचे लाकूड वाळत असे. लाकूड वाळताना लांबीत फारसे कमी होत नाही, पण जाडी-रुंदीत आकसते, फाटते आणि पीळ घेते. आज आपल्याला दिसणारी अशा घरांची कितीतरी वक्रता घर नवे असतानाच, पहिल्या काही वर्षांत आलेली असते.

सुताराने यावर तोड काढली ती सांध्यात. एका लाकडात खोबण पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून तिच्यात घट्ट बसवायचे आणि दोहोंतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. यातली कारागिरी त्या भोकात आहे. खोबणीच्या दोन्ही अंगांची भोके आणि आत जाणाऱ्या टोकाचे भोक ही तिन्ही मुद्दामच एका रेषेत पाडलेली नसतात. टोकाचे भोक किंचित आत सरकवलेले असते. वाळलेल्या ओकची, पुढे निमुळती केलेली खुंटी त्यातून ठोकली की ती वाट काढताना सांधा आपोआप आवळत नेते. पुढे ओली तुळई आकसते आणि आधीच वाळलेल्या खुंटीला कवटाळून बसते. सांगाडा पेलायला खिळे नाहीत, डिंक-सरस नाही. सांधा घट्ट असतो, तरी थोडासा हलू शकतो, आणि ती खुंटी उलट बाजूने ठोकून काढली तर पुन्हा सुटाही होतो. शेकडो वर्षांनंतर एखादा खांब बदलता येतो तो यामुळे.

सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा मांडून जुळवून घेत. प्रत्येक सांधा त्या त्या जोडीपुरताच तासलेला असे. या खांबाचे टोक दुसऱ्या खोबणीत चालत नसे. म्हणून प्रत्येक तुकड्यावर रोमन आकड्यांसारख्या सरळ रेघांच्या खुणा कोरून ठेवत. मग सगळे सुटे करून गाडीने जागेवर नेत आणि खुणा जुळवून उभे करत. या खुणा आजही तुळयांवर सापडतात. त्यांच्याच भरवशावर अशी घरे पुन्हा सुटी करून हलवताही येतात. केंटमध्ये धरणाच्या पाण्याखाली जाणारे बेलीफ हे पंधराव्या शतकातले शेतकऱ्याचे घर १९६०च्या दशकाच्या अखेरीस असेच तुकड्यातुकड्याने उतरवून घेतले आणि ससेक्समधल्या सिंगलटन इथल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभे केले. तिथे ते आज पाहायला मिळते.

सांगाड्याचे बाकीचे तर्कही असेच साधे आणि पक्के आहेत. लाकडाचा खरा शत्रू म्हणजे साचलेली ओल. म्हणून दगडी जोत्यावर आधी एक आडवी तुळई आणि तिच्यावर खांब. जुन्या इंग्रजी सांगाड्यांत खांब बहुधा झाडाच्या उलट उभा केलेला असतो, बुंध्याकडचे जाड टोक वर. कारण वरच्या टोकाशी तीन लाकडे एकत्र येतात: भिंतीच्या माथ्यावरची तुळई, समोरासमोरच्या दोन भिंतींना बांधून ठेवणारी आडवी तुळई, आणि खुद्द खांब. इतक्या खोबण्या पाडायला तिथेच जाडी हवी. कोपऱ्यांत तिरपे दांडे घालून चौकटीचे त्रिकोण केले की ती वाऱ्याने लोळत नाही. लिटल मोरटन हॉलच्या भिंतींवर चौपाकळी फुले आणि तिरप्या पट्ट्यांची जी दाट नक्षी दिसते तिच्यातला बराचसा भाग शोभेचाच आहे. पण ती शोभा त्याच चौकटीच्या भाषेतून फुललेली आहे.

चौकटींमधली जागा कशाने भरत, ते मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्याला शेणमातीने लिंपतात, तसाच हा प्रकार: ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या लवचीक फांद्या, वर माती, शेण आणि गवताच्या काड्यांचा लगदा आणि शेवटी चुना. ही भिंत वजन पेलत नाही. वजन सांगाडा पेलतो. त्यामुळे भिंतीचा एखादा भाग ढासळला तर तेवढाच पुन्हा लिंपता येतो. सांगाडा हलला तर ही भिंतही त्याच्याबरोबर थोडी वाकते, आणि आत शिरलेली ओल चुन्यामातीतून पुन्हा बाहेर निघून जाते.

अशी घरे बांधण्यापायी इंग्लंडची जंगले संपली, असा एक समज आहे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकम यांनी तो तपासून पाहिला. सफोकमधल्या स्टँटन गावच्या, सुमारे १५०० सालच्या एका मोठ्या शेतघरातले प्रत्येक लाकूड त्यांनी मोजले. त्या घराला सुमारे ३३० झाडे लागली होती. त्यांतली निम्मी नऊ इंचांपेक्षाही कमी व्यासाची होती. म्हणजे सुतार शेकडो वर्षांचे महावृक्ष पाडत नव्हता. हव्या त्या जाडीचे कोवळे झाड निवडत होता, त्याचा बाक असेल तसा उपयोगात आणत होता आणि तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटवा येऊ देत होता. कुडाच्या फांद्याही ठरावीक वर्षांनी कापायच्या आणि पुन्हा वाढू द्यायच्या झुडपांच्या. दुरुस्तीचे सामान दर पिढीला जवळच उगवत होते. घर आणि रान यांचा हा व्यवहार चालू राहिला तोवर अशी घरे दुरुस्त करणे ही कुणालाच मोठी गोष्ट वाटली नसणार.

आता या घराच्या सर्वांत प्रसिद्ध भागाकडे येऊ. १५६०नंतर मोरटनांच्या पुढच्या पिढीने दक्षिणेची बाजू आणि देवडी बांधायला घेतली. काम सुरू झाल्यानंतर केव्हातरी तिसऱ्या मजल्यावर लाँग गॅलरी, म्हणजे एक लांबच लांब दालन, चढवायचे ठरले असावे; मूळ बेतात ती नव्हती असे दिसते. लांबी २१ मीटर, दोन्ही बाजूंना जवळजवळ सलग खिडक्या, आणि वर दगडाच्या जाड फरश्यांचे छप्पर. पावसाळी हवेत फेऱ्या मारायला, खेळायला अशा गॅलऱ्या तेव्हाच्या धनिकांत लोकप्रिय होत्या. इथल्या लाकडी तक्तपोशीमागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे टेनिसचे चेंडूही सापडले आहेत. पण खालच्या मजल्यांचा विचार हे वजन धरून केलेला नव्हता. दगडी छपराच्या भाराने खालचे मजले वाकले, भिंती बाहेर ढकलल्या जाऊ लागल्या. आज जगभरच्या छायाचित्रांत दिसणारा लिटल मोरटन हॉलचा तो वेडावाकडा चेहरा प्रामुख्याने या एका निर्णयाची देणगी आहे.

बांधणीच्या दृष्टीने पाहिले तर ती घोडचूकच म्हणायची. तरीही घर पडले नाही. छपराच्या कमानदार कैच्यांमध्ये आडव्या तुळया घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या गेल्या. हे काम बहुधा सतराव्या शतकातले. पुढे केव्हातरी पोलादी सळ्यांचा आधार आला. प्रत्येक वेळी लोकांनी बिघाड कुठे आहे ते पाहिले आणि तिथेच इलाज केला. गॅलरी उतरवून टाकावी लागली नाही, घरही सोडावे लागले नाही. ज्या बांधणीत चूक लपून राहत नाही, डोळ्यांना दिसते, आणि जिथे दिसते तिथे हात घालता येतो, ती बांधणी चूक पचवू शकते. आजच्या प्रबलित काँक्रीटच्या इमारतीत बिघाड आत, गजांच्या गंजातून सुरू होतो. तो बाहेर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि एकसंध ओतलेल्या सांगाड्यातून एखादा खांब काढून दुसरा बसवणे महाकठीण असते. काँक्रीट टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. गेल्या शतकाची शहरे त्याशिवाय उभीच राहिली नसती. पण मजबुती आणि दुरुस्तीची सोय हे दोन वेगळे गुण आहेत, आणि दीर्घकाळाचा विचार केला तर दुसरा गुण अधिक मोलाचा ठरतो, हे लिटल मोरटन हॉलकडे पाहून पटते.

अर्थात केवळ बांधणीच्या जोरावर घर वाचले असे म्हणणे अर्धसत्य होईल. परिस्थितीचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि ही परिस्थिती म्हणजे घराण्याची उतरती कळा. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात मोरटन राजाच्या पक्षाचे होते. पार्लमेंटच्या सैन्याने घर ताब्यात घेतले, तिथे शिपाई उतरवले. युद्धानंतर घराणे कर्जात बुडाले, जमिनी विकाव्या लागल्या, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मालक घर सोडून गेले. पुढे तिथे कुळे राहू लागली. ज्या काळात इंग्लंडमधले संपन्न जमीनदार जुनी लाकडी घरे पाडून विटा-दगडांचे प्रमाणबद्ध प्रासाद उठवत होते किंवा निदान जुन्या सांगाड्यापुढे विटांची नवी दर्शनी भिंत बांधत होते, त्या काळात मोरटनांकडे त्यासाठी पैसाच नव्हता. घर फॅशनमधून वाचले ते गरिबीमुळे. पण या गरिबीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. १८४७च्या सुमारास बहुतेक घर ओस पडले होते, खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, छप्पर कुजत होते आणि घरातल्या प्रार्थनामंदिराची कोळशाची कोठी झाली होती. गरिबी घराला बदलापासून वाचवते, पावसापासून वाचवत नाही. आणखी एक-दोन पिढ्या तसेच चालले असते तर ओकच्या सगळ्या गुणांचा काही उपयोग झाला नसता.

ते घडले नाही, कारण एका व्यक्तीने निर्णय घेतला. १८९२ साली हे पडके घर एलिझाबेथ मोरटन यांच्याकडे आले. त्या अँग्लिकन पंथाच्या जोगीण होत्या. त्यांनी प्रार्थनामंदिर दुरुस्त करून घेतले आणि १९१२ साली घर आपल्या नात्यातले डर्बीचे बिशप चार्ल्स अब्राहम यांना देताना अट घातली की ते कधीही विकायचे नाही. बिशपांनी दुरुस्त्या चालू ठेवल्या आणि १९३८ साली घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केले. अशा घराला बांधणी, परिस्थिती आणि निर्णय या तिन्हींची गरज असते. यांतल्या बांधणीने फक्त शक्यता निर्माण केली. ती शक्यता खरी ठरवायला माणसे लागली.

आता जतनाच्या खऱ्या वादाकडे वळू. जुने घर जपायचे म्हणजे त्याचे कुठले रूप जपायचे? लिटल मोरटन हॉलचे जे काळे-पांढरे रूप सगळ्यांना ठाऊक आहे ते मुळातले नाहीच. लाकूड काळे रंगवायची चाल व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. मुळात ओक उघडाच ठेवत, तो उन्हापावसात रुपेरी करडा होत जाई, आणि मधल्या गिलाव्याला पिवळसर रंग देत. एकोणिसाव्या शतकाला 'जुने इंग्लंड' ठळक, काळे-पांढरे हवे होते. चेस्टर शहरात तर त्या शैलीच्या नव्या इमारतीच उठल्या. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान उपनगरांतल्या विटांच्या घरांवर नुसत्या काळ्या फळ्या ठोकून तोच देखावा उभा केला गेला. सांगाडा नाहीसा झाला आणि त्याचे चित्र तेवढे उरले.

या वृत्तीविरुद्ध इंग्लंडमध्येच आवाज उठला होता. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८४९ साली, जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या इमारतीला नवे करणे म्हणजे तिचा नाश करणे होय, अशी भूमिका घेतली. १८७७ साली लेखक आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. इमारतीला कुठल्यातरी कल्पित मूळ रूपात परत नेऊ नका, रोजच्या देखभालीने तिची पडझड थांबवा, असे तिच्या जाहीरनाम्याचे सार होते. १८९६ साली नॅशनल ट्रस्टने आपली पहिली इमारत दहा पौंडांना विकत घेतली, ती ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावचे चौदाव्या शतकातले, गवताने शाकारलेले लाकडी सांगाड्याचे घर. ट्रस्टच्या पहिल्या खरेदीचा मान एखाद्या राजवाड्याला मिळाला नाही, एका साध्या घराला मिळाला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मॉरिस यांच्या भूमिकेवर एक आक्षेप नेहमी येतो. दुरुस्ती करत करत निम्मे लाकूड नवे झाले, तर मग जुने काय उरले? आक्षेप गंभीर आहे, आणि लाकूड मनमानी बदलणाऱ्यांविरुद्ध तो लागूही पडतो. पण चांगला सुतार सबंध खांब बदलत नाही. जोत्यालगतचे कुजलेले वीतभर किंवा हातभर लाकूड तेवढे कापतो आणि तिथे नवे ओक लांब, तिरप्या सांध्याने जोडतो. नवे लाकूड नवे म्हणून ओळखू येते. ते काळे रंगवून जुने असल्याचा बहाणा केला जात नाही. उरलेला खांब, त्यावरच्या तासणीच्या खुणा, जुन्या खोबण्या सगळे जागच्या जागी राहते. लपवलेल्या पोलादाबद्दलही माझे मत असेच आहे. पोलाद जुने लाकूड न काढता केवळ त्याला आधार देत असेल आणि उद्या पुन्हा काढता येत असेल, तर ती लबाडी नाही. थरांचा मान ठेवण्याचे फळ काय मिळते, तेही याच घराने दाखवले. १९७६ साली एका खोलीतल्या अठराव्या शतकातल्या तक्तपोशीमागे सोळाव्या शतकाची रंगीत भिंत निघाली. तिच्यावर बायबलच्या परंपरेतली सुझानाची कथा चितारलेली होती. ज्याने ती नवी तक्तपोशी बसवली त्याने आधीची भिंत खरवडली असती, तर हे चित्र आज नसते.

खरा घात होतो तो चुकीच्या सामानाने. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा हजारो घरांच्या चुन्यामातीच्या भिंती काढून त्यांत सिमेंट भरले गेले, वरून पाणी न शिरणारे रंग फासले गेले. हेतू चांगला होता. पण सिमेंट वाकत नाही आणि लाकूड हलायचे थांबत नाही, म्हणून दोहोंमध्ये बारीक फट पडते. त्या फटीतून पाऊस आत शिरतो आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. लाकडातल्या ओलीचे प्रमाण दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या वर राहिले की बुरशी काम सुरू करते. चारशे वर्षे टिकलेली तुळई मग काही दशकांत भुसा होते. आता अनेक घरांतले ते सिमेंट पदरमोड करून काढले जात आहे आणि पुन्हा चुना लावला जात आहे. घराला बळकटी आणायची म्हणून केलेला उपाय घराच्या स्वभावाविरुद्ध गेला की काय होते, याचा याहून स्पष्ट धडा सापडणार नाही.

म्हणूनच शेवटी प्रश्न ज्ञानाचा उरतो. लिटल मोरटन हॉलच्या लाँग गॅलरीच्या दोन टोकांना, त्रिकोणी भिंतींवर, गिलाव्यात उठवलेल्या दोन स्त्रीमूर्ती आहेत. त्यांची कल्पना रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ सालच्या खगोलशास्त्रावरील ग्रंथातून घेतलेली आहे. एका टोकाला नियती आहे, तिच्या गोलावर ज्ञानाची सत्ता; दुसऱ्या टोकाला दैव, त्याच्या चाकावर अज्ञानाची सत्ता. या घराच्या वाट्याला दैव पुष्कळ आले: प्लेगमधून आलेली जमीन, युद्धातून आलेले कर्ज, आणि अट घालून घर जपणारी एक वारस. पण दैवाने घर हाती दिले तरी खुंटीचे भोक किती सरकवायचे, हे माहीत असलेला सुतार नसेल तर ते हातून जाते.

हे ज्ञान मेलेले नाही. १९९२ साली विंझर किल्ल्याला आग लागली आणि सेंट जॉर्जेस हॉलचे छप्पर जळाले. तिथे ओल्या ओकचे, पारंपरिक सांध्यांचे नवे छप्पर घालण्यात आले आणि १९९७ साली काम पुरे झाले. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन लाकडी छप्पर २०१९च्या आगीत गेले. ओले ओक कुऱ्हाडीने तासून ते पुन्हा उभे राहिले आणि डिसेंबर २०२४मध्ये कॅथेड्रल उघडले. तिथे दोन गोष्टी हाताशी होत्या म्हणून हे शक्य झाले: जुन्या छपराची २०१४ साली काढलेली तपशीलवार मापे, आणि कुऱ्हाड चालवता येणारी माणसे. मापे नसती तर काय उभारायचे ते नेमके कळले नसते, आणि माणसे नसती तर मापे कागदावरच राहिली असती.

जुन्या वास्तूंसाठी पैसा उभा करणाऱ्यांनी, मग ते सरकार असो, ट्रस्ट असो वा देणगीदार, यातून एक गोष्ट घ्यावी. दर्शनी भाग रंगवण्याआधी सुतार, गवंडी आणि चुनेवाला शिकवण्यावर खर्च करावा, आणि इमारत शाबूत असतानाच तिचे प्रत्येक लाकूड मोजून नोंदवून ठेवावे. वाचकांनाही माझी एक विनंती आहे. एखादे जुने लाकडी घर पाहायला गेलात तर ते किती वर्षांचे, एवढेच विचारून थांबू नका. त्याची दुरुस्ती कोण करतो, कशाने करतो आणि त्याच्या हाताखाली शिकणारे कुणी आहे का, हेही विचारा. त्या घराचे पुढचे शतक या तीन उत्तरांवर ठरणार आहे.